एकट्याचे गाणे, ट्रॅक आणि ढोलकी

"पार्टी परवडत नाही, एकट्यानेच ट्रॅकवर गायचे आहे, कुठले मशीन घेऊ?" असे विचारणारे तरुण आणि भगिनी हल्ली बरेच भेटतात. आम्ही दोघे नवरा-बायको पुण्यानुमोदन, नामकरण, रमाई जयंती अशा कार्यक्रमांत ट्रॅकवर गातो. एकाने गायचे, दुसऱ्याने मशीन सांभाळायचे. तेव्हा आमच्या पदरी जो अनुभव आहे तो येथे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ट्रॅकवर गाण्यात कमीपणा काही नाही. पूर्ण गायन पार्टी म्हणजे गायक, पेटी, ढोलकी, तबला, बँजो आणि कोरसला दोन-तीन माणसे. त्यांची बिदागी, गाडीभाडे, जेवण. ज्या घरात वडील जाऊन पंधरा दिवस झालेले आहेत आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणे मावत नाहीत, त्या घराने हा खर्च कुठून करावा? त्या घरात भीमगीत, बुद्धगीत झालेच नाही तर ते वाईट. १९३० च्या दशकातले आंबेडकरी जलसे गावोगाव पोहोचले, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हयातभर गात फिरले, ते काही मोठ्या साउंड सिस्टिमच्या जोरावर नव्हे.

आता मशीन. दुकानात गेलात की दुकानदार दिवे लुकलुकणारा मोठा कराओके स्पीकर पुढे करतो. तो घेऊ नका. घरात पडलेला जुना स्मार्टफोन असेल तर निम्मे काम झाले. फक्त त्याला हेडफोनचे भोक असावे आणि बॅटरी तीन तास टिकावी. त्यातले सिमकार्ड काढा, एअरप्लेन मोड लावा. ऐन गाण्यात मेहुण्याचा फोन आला आणि त्याची रिंगटोन सगळ्या मंडपाने ऐकली, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. ब्लूटूथच्या नादी लागू नका. गर्दीत ते मधेच तुटते. तार बरी. ट्रॅक युट्यूबवरून चालू वाजवू नका, फोनमध्ये भरून ठेवा. चांगल्या प्रतीची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. म्हणजे पाच-पाच मिनिटांची ४० गाणी २ जीबीत बसतात.

खरी गोम तारेत आहे. एका मंडपात साउंडवाल्या दादाने आमच्या फोनची तार जोडली आणि गाणे सुरू झाले, तर ढोलकी गायब! नुसती पेटी आणि बँजो. झाले असे की ट्रॅक स्टिरिओ होता. ढोलकी डाव्या बाजूला, पेटी उजव्या बाजूला; आणि दादांनी एकच पिन मिक्सरला लावली होती. आपल्याकडच्या मंडपातले साउंड बहुतेक मोनोच असते. यावर उपाय फुकटचा आहे. घरीच संगणकावर सगळे ट्रॅक मोनो करून घ्या. मग कुठलीही पिन लावा, सगळी वाद्ये येतात. फोनच्या बारीक पिनेपासून मिक्सरच्या जाड पिनेपर्यंतची तार स्वतःची ठेवा, आणि तशीच दुसरी जोडीला. फोन चार्जिंगला लावून गाऊ नका, स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर माइकवर करा. मंडपाचा माइक दहा जणांच्या तोंडचा असतो. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ सालापासून चालत आलेला माइक कितीही आपटला तरी टिकतो, पण तो महाग आहे आणि बाजारात त्याच्या नकला फार. ओळखीच्या वादकाला बरोबर नेऊन सेकंडहँड घेतलात तरी चालेल. जवळ आणखी काही पैसे उरले तर चार चॅनेलचा लहान मिक्सर घ्या, म्हणजे आवाज आणि ट्रॅक यांचे प्रमाण आपल्या हातात राहते.

भगिनींनी पट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. तयार ट्रॅक बहुधा पुरुषांच्या पट्टीत, काळी एक-दोनचे. बाईचा आवाज साधारण काळी चार-पाचला बसतो. संगणकावर पट्टी बदलता येते, पण एक-दोन सुरांच्या पुढे ढकलली की ढोलकी डबा वाजवल्यासारखी वाटते. ज्या ताईंना पेटी येते त्यांनी ट्रॅकऐवजी इलेक्ट्रॉनिक तबला घेऊन पाहावा. पट्टी आणि लय दोन्ही आपल्या मनाप्रमाणे लावता येतात. केहरवा आणि दादरा तो इमानाने धरतो. उठाण मात्र त्याला घेता येत नाही, कडव्याच्या शेवटी ते फार जाणवते.

आणखी एक. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज उडवून केलेले स्वस्त ट्रॅक मिळतात. डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा केली की मधला आवाज जातो, पण मध्येच असलेला ठेक्याचा जोरही त्याबरोबर जातो. तेव्हा चांगला ट्रॅक हवा तर तो वाजवून घ्यावा लागतो, आणि येथे आमच्यापुढे खरा पेच उभा राहिला.

आमच्या वस्तीतले ढोलकीवाले मामा दिवसा हमाली करतात. लग्नसराई आणि जयंतीच्या दिवसांतल्या बिदागीवर त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे भागते. आम्ही त्यांना म्हटले, "मामा, तुमची ढोलकी रेकॉर्ड करू." ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे माझ्याच हाताने माझं पोट कापू का?"

या प्रश्नाला आमच्याकडे पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या घरी आम्ही ट्रॅकवर जातो तेथे मामांना कोणी बोलावणारच नव्हते, हे खरे. पण उद्या मंडळेही ट्रॅकच मागतील, हेही खरे. महिनाभर बोलणे चालले. शेवटी असे ठरले की प्रत्येक गाण्याची वेगळी बिदागी रेकॉर्डिंगच्या दिवशीच रोख द्यायची. तो ट्रॅक त्यांना विचारल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही. आणि मंडळाचे स्टेज असेल तर आमच्याबरोबर मामांचीही बिदागी धरूनच आकडा सांगायचा. यामुळे आमची दोन कामे गेली.

एका रविवारी विहारात दारे-खिडक्या लावून, पंखे बंद करून रेकॉर्डिंग केले. ढोलकीच्या दोन्ही तोंडांना एकेक माइक लावला. घामाने सगळे ओलेचिंब. बारा गाणी झाली. तेरावे बाबासाहेबांवरचे होते, त्याला मामांनी ढोलकी खाली ठेवली. "ह्याला मी स्वतः येईन," म्हणाले. त्या गाण्याचा ट्रॅक आमच्याकडे नाही. मामा बरोबर असले तरच ते गातो.