मणी

आत्याच्या कुत्र्याचं नाव मणी. तमिळमध्ये मणी म्हणजे घंटा, आणि तिकडे गावोगावच्या कुत्र्यांना हे नाव सर्रास असतं. पुण्याहून पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे कुठे ठाऊक? "मनी तर मांजरीचं नाव ना गं, आत्या?" मी विचारलं. ओट्यावरच्या त्या तांबूस गावठी कुत्र्याने पुढचे पाय जमिनीला टेकले, ढुंगण वर केलं आणि शेपूट हलवत माझ्याकडे पाहिलं. कुत्र्यांच्या जगात याचा अर्थ एकच: चल, खेळू या.

आत्याचं गाव तिरुविसनल्लूर, कुंभकोणमजवळ, कावेरीकाठी. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजी तंजावरच्या गादीवर असताना १६९३ मध्ये त्यांनी हे गाव ४०हून अधिक विद्वानांना इनाम दिलं आणि त्याला शहाजीराजपुरम असंही नाव पडलं. आत्याचं सासर तंजावरी मराठी. आतोबांची मराठी मला पहिल्या सुट्टीत अर्धीच कळली. मणीला मात्र सगळ्यांचंच कळायचं. 'ये' म्हटलं तरी यायचा, 'वा' म्हटलं तरी यायचा, कारण तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये.

घोळ तिथेच व्हायचा. जेवताना कुणी रस्समचा भुरका मारून "वा!" म्हटलं, की मणी अंगणातून सुसाट स्वयंपाकघराकडे. आत्या वाढता वाढता, हातातलं भांडंही खाली न ठेवता, पायाच्या टाचेने दार लोटायची. बाहेरून नखांचा खरखराट. मग आम्ही मुद्दामच "वा वा" करायचो. इतकी दाद त्या घरातल्या स्वयंपाकाला पुन्हा कधी मिळाली नसेल.

परसातले खेळ वेगळे. नारळाचं सोडण लांब फेकून 'एडु' म्हणायचं, तो पळत जाऊन उचलायचा. 'कोडु', म्हणजे दे, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. सोडण तोंडात धरून तो हातभर अंतरावर थांबायचा, मी पुढे झालो की तेवढाच मागे सरकायचा. काथ्याच्या दोरीची रस्सीखेच तो आतोबांशी खेळे. मी त्याला जिंकू द्यायचो, आतोबा कधीच नाही. "त्याला कळतं रे," म्हणायचे.

पाण्याचं मात्र वावडं. कार्तिक अमावास्येला गावात गर्दी लोटते. इथले संत श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांनी श्राद्धाच्या दिवशी एका भुकेल्या अंत्यजाला जेवू घातलं, गावाने प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितलं, तर गंगाच त्यांच्या विहिरीत उसळून आली, अशी कथा. त्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायला लोक लांबून येतात. एकनाथांच्या घरच्या श्राद्धाची गोष्ट ऐकत वाढलेल्याला हे ओळखीचंच वाटतं. ओलेत्या माणसांच्या त्या दिवशी मणी पहाटेपासून खाटेखाली. आतोबा ओल्या पंच्यानिशी घरी येत आणि आधी त्याचा दहीभात वाढत, मग आमची पानं. आत्या कुरकुरायची. आतोबा नुसते हसायचे.

लपाछपी हा आमचा खास खेळ. मी भाताच्या पिंपामागे लपायचो. तो मला वासाने लगेच हुडकायचा, पण सरळ यायचा नाही. आधी पाटा, मग जातं, मग पिंप, असं सगळं हुंगून झाल्यावर एकदम अंगावर उडी. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी शोधणं तसंच. फक्त पाटा आणि जातं गळलं. थेट पिंपाशी यायचा आणि उडीऐवजी गुडघ्यावर हनुवटी टेकायचा. तेव्हा आतोबाही दोरी सैल धरायला लागले होते. मणीने ती ओढून नेली, की हात झटकून "हरलो" म्हणायचे.

शेवटच्या सुट्टीत मी पिंपामागे बराच वेळ बसलो. पाय मुंग्यांनी भरले. अखेर डोकावलो, तर मणी अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात झोपलेला. एक कान हलत होता. मी परत पिंपामागे जाऊन बसलो.

तो गेल्याचा फोन पावसाळ्यात आला. अमावास्येला मी गेलो तेव्हा आतोबा पंचा पिळून नुसतेच ओट्यावर बसले होते. खाटेखाली चपला ठेवल्या होत्या. आत्याने पानं मांडली, रस्सम वाढलं. पहिलाच घोट घेतला आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "वा!"

आत्याने, हातातलं भांडं खाली न ठेवता, टाचेने दार लोटलं.