मकारेनाच्या गावी

काही गाणी वळवाच्या पावसासारखी येतात. आली की रिक्षात तीच, लग्नाच्या मांडवात तीच, शेजारच्या बंड्याच्या तोंडी तीच. दोन वर्षे लोटली की त्यांचे नाव काढताच लोक ओशाळे हसतात. गाणाऱ्यांची गत तर त्याहून वाईट. ‘एका गाण्याचे धनी’ हा शिक्का एकदा कपाळी बसला की पुसत नाही. आम्हा साहित्य शिकवणाऱ्या मंडळींतही असे शिक्के मारण्याची हौस दांडगी. कवी दत्त १८९९ साली ऐन तारुण्यात गेले. त्यांचे नाव निघाले की एका अंगाईगीताचा उल्लेख करायचा आणि पान उलटायचे, ही आमच्याकडची जुनी रीत.

माझ्या पिढीचा वळवाचा पाऊस म्हणजे १९९६ सालचे ‘मकारेना’. पन्नाशीला टेकलेल्या दोन स्पॅनिश गृहस्थांचे हे गाणे त्या वर्षी अमेरिकेत लागोपाठ चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये पन्नास हजार माणसे त्यावर एकदम नाचली. त्याच ऑगस्टात शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. तेथे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी आपण हे नृत्य करून दाखवतो असे जाहीर केले, खांबासारखे निश्चल उभे राहिले, आणि वर पुन्हा पाहायचे आहे का असे सभेला विचारले!

आमच्याकडे ते गाणे केबलच्या तारेवरून आले. नाच म्हणजे निव्वळ शाळेतली कवायत. एकेक हात पुढे, मग तळवे उताणे, मग खांद्यावर, डोक्यामागे, कमरेवर, आणि शेवटी उडी मारून पाव फेरा. ज्याला ताल नाही त्यालाही जमावे असा. त्या हिवाळ्यात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही तो केला आणि तो आमच्याकडून बसवून घेतला माझ्या थोरल्या बहिणीने.

ताईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिचा गळा फार गोड. १९९७ साली पुणे आकाशवाणीवर ‘युववाणी’त तिचे एक भावगीत झाले. एकच. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले, मग संसार, मुलगा, सासूबाईंचे आजारपण. पण कुठल्याही समारंभाला गेलो की कुणीतरी मावशी तिची ओळख हटकून करून देतात, ‘ह्या पूर्वी रेडिओवर गायच्या हं!’ ताई हसते. त्या ‘पूर्वी’नंतरचे तिचे हसू कसे असते, ते मी धाकटी म्हणून मला ठाऊक.

तिचा मुलगा आता स्पेनमध्ये सेव्हिलच्या विद्यापीठात संशोधन करतो. त्याच्याकडे आम्ही दोघी मार्च महिन्यात गेलो. गावाचा स्थानिक उच्चार ‘सेविया’. रस्त्यांच्या दुतर्फा संत्र्याची झाडे, आणि त्या दिवसांत त्यांना पांढरा मोहर. संध्याकाळी सारे गाव मोगऱ्याच्या गजऱ्यासारखे दरवळते. फळे मात्र इतकी कडू, की ताईने एक फोड तोंडात टाकली आणि पुढली दहा मिनिटे ती कुणाशी बोलली नाही.

मोठ्या चर्चजवळचा हिराल्दा मनोरा, म्हणजे बाराव्या शतकातला मुसलमानी मिनार, पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, “आता कुठे जायचं?” ताई म्हणाली, “मकारेनाला.” मला वाटले, ती थट्टा करते आहे. पण मकारेना ही सेव्हिलमधली एक जुनी वस्ती आहे! गावाच्या उत्तर टोकाला जुन्या तटबंदीचा एक तुकडा अजून उभा आहे. तिथल्या वेशीचे नाव मकारेना, आणि वेशीला लागून जे देऊळ आहे त्यातल्या माउलीचे नावही तेच. आशेची माता, मकारेनाची.

देऊळ तसे अलीकडचे, १९४९ साली पुरे झालेले. मूर्ती मात्र सतराव्या शतकातली. लाकडी चेहरा, आणि गालांवर काचेचे अश्रू. ओठांकडे पाहावे तर ती हसते आहे, डोळ्यांकडे पाहावे तर रडते आहे. छातीवर हिरवी रत्नफुले आहेत, ती होसेलितो नावाच्या विख्यात बैलझुंजाराने वाहिलेली. १९२० साली तो रिंगणात मारला गेला, तेव्हा सेव्हिलकरांनी या माउलीलाच काळी वस्त्रे नेसवून सुतकात बसवले. गुड फ्रायडेच्या आदल्या मध्यरात्री तिची पालखी निघते ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतते. खाली माणसे मानेवर भार घेऊन चालतात, आणि लोक भर रस्त्यात ओरडून तिला सुंदर म्हणतात. आळंदीची पालखी पाहिलेल्या माणसाला हे परके वाटत नाही.

आता गंमत पाहा. या माउलीचे नाव गावातल्या कितीक मुलींना ठेवतात. आणि गाण्यातली मकारेना? तिचा प्रियकर सैन्यात भरती होऊन शपथ घेत असतो, तेव्हा ही बया त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा मारत असते! आम्ही ज्या गाण्यावर प्राचार्यांसमोर, पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांसमोर, केसांत अबोली माळून नाचलो, त्याचा अर्थ हा. भाच्याने तो देवळाच्या पायरीवर सांगितला तेव्हा ताई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की आत जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायका थबकल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने गाणाऱ्यांच्या गावी गेलो. सेव्हिलच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर ते आहे. गावाचे नाव दोस एर्मानास, म्हणजे ‘दोन बहिणी’. आख्यायिका अशी, की तेराव्या शतकात इथल्या दोन बहिणींना एका भुयारात संत आनाची मूर्ती सापडली. आम्हा दोघींना स्टेशनावरच्या पाटीखाली उभे करून भाच्याने छायाचित्र घेतले नसते तरच नवल.

गाणारे दोघे, आंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुईस, इथलेच. जोडीचे नाव ‘लोस देल रिओ’, म्हणजे ‘नदीकडचे’. नदी अर्थात सेव्हिलची ग्वादालकिविर. जोडी जमली १९६२ च्या सुमारास, पोरवयात. म्हणजे ‘मकारेना’च्या आधी तीस वर्षे ही माणसे गातच होती! जत्रांतून, लग्नांतून, बड्यांच्या मेजवान्यांतून. सेव्हिलच्या रंगाचे कौतुक करणारे त्यांचे एक गाणे तर तिथे पोरासोरांना पाठ आहे. १९९२ साली ते दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कराकस शहरात एका मेजवानीत एक नर्तकी नाचली, आणि आंतोनिओ यांच्या तोंडून सहज एक ओळ निघाली. त्या ओळीत नाव होते मॅग्डालेना. पुढे गाणे बांधताना मॅग्डालेनाची मकारेना झाली. आंतोनिओ यांच्या मुलीचे नावही मकारेनाच. १९९३ साली गाणे निघाले, मायामीच्या काही तरुणांनी त्यात इंग्रजी कडवी घातली, ठेका बदलला, आणि मग जगाने ते उचलले. आम्ही गावच्या मुख्य चर्चपाशी पोहोचलो आणि पाटी वाचली. संत मारिया मॅग्डालेना! पहिल्या ओळीत ते नाव कशामुळे आले ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण लहानपणापासून याच देवळाच्या घंटा कानावर पडल्या असतील, एवढे खरे.

चर्चजवळच्या उपाहारगृहात आम्ही पालक-चणे आणि पाव मागवला. ही सेव्हिलकडची आवडती भाजी. आपल्यासारख्या शाकाहारी माणसाला मोठा आधार. मालक सत्तरीचे, बोलके. भाच्याने त्या जोडीचा विषय काढला. म्हाताऱ्याने बोटे मोडायला सुरुवात केली. हे गाणे, ते गाणे, जत्रेतले, नदीवरचे. एक हात संपून दुसरा सुरू झाला तरी ‘मकारेना’ येईना. शेवटी भाच्यानेच आठवण दिली, तेव्हा त्याने मान डोलावून करंगळी मोडली. तेही एक, अशा थाटात.

ताई हे लक्ष देऊन पाहत होती. ती मला म्हणाली, “म्हणजे ‘एकच गाणं’ म्हणणारे सगळे गावाबाहेरचे गं!”

मी वर्गात तासभर बोलून जे सांगू शकले नसते, ते तिने एका वाक्यात सांगितले. जगाची खिडकी एकदाच उघडते, आणि त्या क्षणी जे ऐकू येते तेवढेच जग मोजते. आत घरात गाणे आधीही चालू असते आणि नंतरही. रोज सकाळी पोळ्या लाटताना, तुळशीला पाणी घालताना, सासूबाईंचे पाय चेपताना ताई गात आलीच आहे. ते कुठे नोंदलेले नाही, इतकेच.

तेवढ्यात भाचा मालकाला काहीतरी म्हणाला आणि म्हातारा ताईकडे पाहून खुलला. मी विचारले, “काय सांगितलंस रे?”

“काही नाही. आई गाते म्हटलं.”

‘गाते’. इतकी वर्षे मी व्याकरण शिकवते आहे. पण वर्तमानकाळ इतका गोड मला कधी लागला नव्हता. ताईने एकदा माझ्याकडे पाहिले, पदर सावरला, आणि टेबलावर बोटांनी हलका ठेका धरून ‘युववाणी’तले ते भावगीत म्हटले. सगळे, दोन्ही कडव्यांसह. म्हातारा तळहातांनी ताल देत राहिला. तो मधूनमधून चुकत होता, पण ताईने त्याला सांभाळून घेतले. शब्द त्याला एकही कळला नसेल. पण १९९६ साली आम्हाला तरी ‘मकारेना’चा कुठे कळला होता?

बिल देताना त्याने ताईच्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. “ही तुझी बिदागी,” मी म्हटले. ताई म्हणाली, “पुरे झाली,” आणि गाडी चुकेल म्हणून आमच्या पुढे भराभर चालू लागली.