खिडकीतली बनअजवायन

अब्बांचा इंतकाल बुलढाण्याच्या आमच्या घरात झाला. आजारपणामुळे दीड वर्ष आधीच आम्ही अब्बा-अम्मी दोघांना मेहकरकडच्या गावाहून इथं आणलं होतं. माती गावी दिली, पण अम्मी इथंच राहिली. नवरा गेला तेव्हा बाई ज्या घरात राहत असेल त्याच घरात इद्दत. चार महिने दहा दिवस. २०२४चा नोव्हेंबर संपत आला होता.

अम्मीची खोली दक्षिणेकडची. थंडीत ऊन तिरपं होऊन पलंगाच्या पायापर्यंत येई. गावच्या घराला अंगण होतं, मेंदी होती, लिंबू होता, कोंबड्या होत्या. इथं खिडकीचा वीतभर कट्टा आणि लोखंडी गज. आम्ही भावंडांनी ठरवलं होतं, तिला कसलंच काम पडू द्यायचं नाही. तिनं मेथी निवडायला घेतली की सून हळूच ताट उचलून नेई. पाण्याचा गिलाससुद्धा आम्ही हातात देत होतो. याला आम्ही खिदमत म्हणत होतो.

धाकट्याला शारजाहून मातीला येता आलं नव्हतं. तो आठवडाभरानं आला. सामानात झातरची पुडी होती. अरबांकडे ती ऑलिव्हच्या तेलात कालवून रोटीला लावतात. वाळलेला पाला, तीळ आणि आंबट सुमाक. अम्मीनं चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाली, "अरे, ये तो अजवाइन है!" इंतकालानंतर आपणहून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य असावं.

आम्ही हसलो, पण ती चुकली नव्हती. झातर या एका नावाखाली अरब लोक त्या कुळातल्या बऱ्याच झुडपांना घेतात. त्यातलंच एक थाइम. हकिमी किताबांत त्याला हाशा म्हणतात आणि खोकल्यावर, कफावर देतात. हिमालयाच्या उतारांवर त्याचा भाऊबंद रानात उगवतो, तिथले लोक त्याला बनअजवायन म्हणतात. आपला ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या घरातला आणि थाइम पुदिना-तुळशीच्या. दोघांचं नातं नाही, पण दोघांत वास एकाच द्रव्याचा, थायमॉलचा. नाव त्याला थाइमवरून मिळालं. माल मात्र आपला होता. १९१४च्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथं त्यातून थायमॉल काढत. अब्बा रब्बीत हरभऱ्याच्या कडेला ओव्याच्या दोन ओळी पेरत, त्या घरच्यापुरत्या.

धाकट्याकडे थाइमच्या बियांचं पाकीटही होतं. शारजाच्या खोलीत सहा जण राहतात, खिडकी एकच. त्या खिडकीत त्यानं एका डब्यात हे लावलं होतं. "एवढं हिरवं दिसतं, बस," तो म्हणाला. त्यानंच अम्मीच्या कट्ट्यावर कुंडी मांडली, गावाहून आणलेली काळी माती भरली, बी टाकलं आणि परत गेला.

बी खसखशीहून बारीक. वर माती लोटायची नसते, नुसतं दाबायचं, उजेड लागतो. दोन आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसले आणि सगळं घर खिडकीशी जमलं. मग जो तो पाणी घालू लागला. सकाळी सून, शाळेतून आल्यावर पोरं, रात्री आम्ही. जानेवारी उजाडता उजाडता रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. आम्ही आणखी पाणी घातलं!

अम्मी सगळं बघत होती. एका सकाळी तिनं कुंडी खाली उतरवली आणि माती पेपरावर ओतली. आम्ही धावलो तर म्हणाली, "बैठो तुम लोग." आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कपाशीला ते चालतं, या डोंगरी झुडपाला नाही. तिनं रेती मागवली, पोरांकडून विटेचा चुरा करून घेतला, निम्म्याहून कमी माती घेतली. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. पाकिटातलं उरलेलं बी पेरलं आणि सगळ्यांना ताकीद दिली, हात लावायचा नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून कोरडं लागलं तरच ती पाणी घाली, तेही वजूच्या बधन्यातून. ऊन सरकलं की डबाही सरके.

त्याच दिवसांत गावच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. आम्ही तिघांनी फोनवर बोलून घेतलं होतं की देऊन टाकू, अम्मीला इद्दत संपल्यावर सांगू. हे बोलणं आम्ही घराबाहेरच्या ओट्यावर बसून करत होतो. ओटा तिच्या खिडकीखालीच आहे, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

रमजान आला तेव्हा झुडूप बोटभर होतं. पानं तिळाएवढी. दहाव्या रोज्याला अम्मीनं चार शेंडे खुडून इफ्तारच्या भज्यांच्या पिठात टाकले. सुनेनं या वेळी ताट उचललं नाही. आता दुपारचं ऊन खोलीत येत नव्हतं, कट्ट्यावरच थांबत होतं.

ईदनंतर चौथ्या दिवशी इद्दत संपली. आम्ही विषय काढायच्या आधीच तिनं पिशवी भरली होती. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा, एवढंच म्हणाली. एकटी कशी राहशील, रात्री-बेरात्री काही झालं तर, आम्ही बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं. आमच्यातल्या थोरल्याला अजूनही वाटतं की आपण चूक केली. वाटू दे.

कार सांगतो म्हटलं तर नको, एसटीनंच जाणार. पोचवायला आम्ही सोबत होतो. चिखलीला बस भरली, तरी डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही. अर्धं तिकीट फाडताना कंडक्टरनं विचारलं, "माय, हे काय हाय?"

"ओवा हाय बापा," अम्मी म्हणाली, "इलायती."