बोटांवरचें गणित

लहान मुलाला गणित येतें कीं नाहीं, हें ठरविण्याची आपल्याकडील रीत मोठी सोपी आहे. पाहुणे आले कीं पोराला पुढें करावें, त्यानें शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणावे, बेरीज विचारतांच क्षणांत उत्तर द्यावें, आणि सर्वांनीं "हुशार आहे हो!" म्हणून मान डोलवावी. ज्याला उत्तरापूर्वीं बोटें मोजावीं लागतात, तो मात्र मंद ठरतो. आम्ही पुष्कळ वर्षें खालच्या इयत्तांना अंकगणित शिकवीत आलों आहों. त्या अनुभवावरून, आणि या विषयावर जें थोडेंबहुत वाचन घडलें त्यावरून, ही परीक्षा फसवी आहे असें आमचें मत झालें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत. म्हणून तें मत त्यांच्यापुढें मांडावेंसें वाटतें.

संख्येची कांहीं अस्पष्ट जाणीव मुलाला बोलतां येण्यापूर्वींच असावी, असें दिसतें. १९९२ सालीं कॅरन विन या अमेरिकन संशोधिकेनें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पांच महिन्यांच्या बालकांना एक बाहुली दाखवून तिच्यापुढें पडदा धरीत, आणि बालकाच्या देखत दुसरी बाहुली पडद्यामागें ठेवीत. पडदा दूर केल्यावर दोन बाहुल्या दिसल्या, तर बालक लवकर नजर वळवी. परंतु गुपचूप एक काढून घेतल्यामुळें एकच दिसली, तर तें अधिक वेळ टक लावून पाही. एक आणि एक मिळून एकच कसें झालें, याचें जणूं त्याला नवल वाटे.

परंतु या बीजापासून शाळेंतल्या गणितापर्यंतचा मार्ग फार लांबचा आहे. आमची भाची तीन वर्षांची असतांना दहापर्यंत अंक बिनचूक म्हणे. एके दिवशीं आम्हीं तिच्यापाशीं तीन चिंचोके मागितले, तेव्हां तिनें मूठभर चिंचोके आमच्या हातावर ठेविले आणि मोठ्या समाधानानें पुन्हां दहापर्यंत अंक म्हणून दाखविले! असें पुष्कळ मुलांच्या बाबतींत घडतें, हें संशोधकांनीं पाहिलें आहे. मुलाला आधीं फक्त 'एक' या शब्दाचा अर्थ कळतो, कांहीं महिन्यांनीं 'दोन' चा, मग 'तीन' चा. आणि मोजतांना शेवटीं उच्चारलेला अंक हीच त्या सर्व वस्तूंची संख्या, हें तत्त्व बहुधा चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगतें. त्यानंतरही सर्व कांहीं सुरळीत होत नाहीं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनीं १९४१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, सारख्या संख्येच्या दोन ओळी मांडून मुलाच्या देखतच एक ओळ पसरली, तर चार-पांच वर्षांचें मूल लांब ओळींत अधिक वस्तु आहेत असें सांगतें.

मराठी मुलापुढें आणखी एक अडचण असते. २१ लिहितांना दोन आधीं येतात. म्हणतांना मात्र 'एकवीस', म्हणजे एक आधीं. २९ मध्यें डोळ्यांना नऊ दिसतात, पण नांवांत त्यांचा पत्ता नाहीं. 'एकोणतीस' म्हणजे तिसांत एक उणा. हा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळावा, तर नव्याण्णव येऊन तो मोडतो. चिनी भाषेंत अकरा म्हणजे 'दहा एक' आणि एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. तेथील मुलाला दशक आणि एकक नांवांतच ऐकूं येतात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'वीस एक' अशा वाचनाची पद्धति आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं त्या पद्धतीची बाजू मांडली, तर अनेकांस आपल्या जुन्या अंकनामांची काळजी वाटली. त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारें मूल आळशी नसतें, तें कानांनीं ऐकलेल्या क्रमानें लिहीत असतें, एवढें मात्र आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

आतां मेंदूकडे वळूं. डोक्याच्या वरच्या मागील बाजूस, मेंदूच्या दोन्ही अर्धांवर, एक खांच आहे. संख्यांचें तारतम्य पाहतांना तिच्यांतील भाग विशेषेंकरून काम करतो. मूल मोजून बेरीज करतें, तेव्हां कपाळामागील भागही राबतो. कारण कोठपर्यंत मोजलें, हें ध्यानांत धरावें लागतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत विनोद मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूचीं चित्रें सुमारें वर्षाच्या अंतरानें दोनदां घेतलीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत असें आढळलें कीं, तेवढ्या अवधींत मुलांचें मोजणें कमी झालें, आठवून उत्तर देणें वाढलें, आणि त्याबरोबर स्मरणाशीं संबंध असलेला हिपोकॅम्पस नांवाचा भाग अधिक काम करूं लागला. मोठ्या माणसांत साध्या बेरजेसाठीं त्या भागावर तितकासा भार पडत नव्हता. तें ज्ञान मेंदूच्या बाह्य स्तरांत मुरलेलें होतें. म्हणजे मोजण्यापासून आठवण्यापर्यंत मूल क्रमाक्रमानें जातें. बोटें ही त्या वाटेवरील पहिली पायरी होय.

ही पायरी काढून घेतली म्हणजे काय होतें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. दुसऱ्या गांवाहून आमच्या वर्गांत एक मुलगा आला होता. आठ आणि पांच किती, असें विचारलें कीं त्याचे दोन्ही हात बाकाखालीं जात. पूर्वीं कोठें तरी बोटें मोजल्याबद्दल त्याला पट्टी बसली होती, असें त्याच्या आईकडून कळलें. तो लपून मोजी. लक्ष लपविण्याकडे, म्हणून मोजणी चुके. आणि चुकलें कीं तो अधिकच घाबरे. आम्हीं त्याला हात बाकावर ठेवून सर्वांदेखत मोजावयास सांगितलें. कांहीं दिवस तो इकडेतिकडे पाहून मोजी. पुढें तो आठाच्या पुढूनच मोजूं लागला: नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. मग पांचांतले दोन आठांना देऊन दहा करावे व उरलेले तीन मिळवावे, ही युक्ति त्याला आपली आपणच सांपडली. दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे हात बाकावर स्वस्थ पडून असत.

भीतीचा परिणाम मेंदूंतही दिसून येतो. मेनन यांच्याच प्रयोगशाळेनें २०१२ सालीं दाखविलें कीं, गणिताची धास्ती घेतलेल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांत भयाशीं निगडित असलेला अमिग्डाला हा भाग अधिक उद्दीपित होतो, आणि हिशेबास लागणारे भाग कमी काम करतात. २०१५ सालच्या दुसऱ्या संशोधनांत एकेका मुलाला आठ आठवडे स्वतंत्रपणें शिकविण्यांत आलें. तेव्हां धास्तावलेल्या मुलांची धास्ती उतरली, आणि अमिग्डालाची खळबळही ओसरली.

यावरून पाढे पाठ करूं नयेत, असा अर्थ कोणीं काढूं नये. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या बळावर आपल्या वाडवडिलांनीं दुकानांतले हिशेब तोंडीं केले. पाठ असलेला पाढा मनावरचा भार हलका करतो. परंतु 'सात चोक अठ्ठावीस' म्हणणाऱ्या मुलाला सात-सात चिंचोक्यांच्या चार ओळीही मांडतां आल्या पाहिजेत.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, घरीं धाकटें भावंड बोटें मोजतांना दिसलें, तर हसूं नका. त्याला जिन्याच्या पायऱ्या मोजूं द्या, पंगतीला किती ताटें लागतील तें त्यालाच विचारा, आणि उत्तर आलें म्हणजे "कसें काढलेंस?" असेंही विचारा. त्याची मोजणी पुरी होईपर्यंत थांबा. उत्तर तुम्हांस ठाऊक असतेंच. तें सांगण्याची घाई करूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.