तारापूरच्या वाडीतली पद्मिनी

मुलांनो, पश्चिम रेल्वेनं विरारच्या पुढे कधी गेला आहात का? २०१३ सालापासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते. वैतरणेचा पूल ओलांडला की मिठागरं आणि भातशेतं दिसू लागतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरला निम्मा डबा रिकामा होतो, कारण इथेच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. औषधं, रसायनं, पोलाद, कापड असं काय काय इथल्या कारखान्यांत तयार होतं.

स्टेशनबाहेर एसटी नाहीतर शेअर रिक्षा मिळते. साधारण दहा किलोमीटर समुद्राच्या दिशेनं गेलं की तारापूर गाव लागतं. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही हे नाव वाचलं असेल. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली याच किनाऱ्यावर सुरू झालं. इतिहासातही तारापूर आहे. इथला किल्ला चिमाजीअप्पांच्या फौजेनं १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला. पण मी तिथे गेले होते ते ना अणुवीज केंद्र बघायला, ना किल्ला. मला बघायची होती एक मोटारगाडी!

गावाबाहेरच्या एका वाडीत, नारळाच्या झावळ्यांच्या मांडवात ती उभी होती. चारही टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, बॉनेटवर कोंबडी. गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात साल लिहिलेलं, १९७४.

तुमच्या आईबाबांना विचारा, 'पद्मिनी' म्हटलं की ते लगेच हसतील. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी विमानाचा कारखाना काढला, जहाजाचा काढला, आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० नंतरच्या काळात कुर्ल्याहून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या एका जुन्या मॉडेलचं तोंड असं होतं, की मुंबईकरांनी तिचं नाव 'डुक्कर फियाट' ठेवलं! पुढे चौकोनी अंगाची 'फियाट ११००' आली. सत्तरच्या दशकात तिलाच चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि गिअरचा दांडा चक्क स्टिअरिंगजवळ. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली होती, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता तीही रस्त्यावरून गेली.

म्हणजे बघा, जी गाडी प्रत्येक सिग्नलला दहा-दहा दिसायची, ती आता शोधावी लागते. नेहमीच्या वस्तूंचं असंच होतं. खूप असतात तोवर कुणी जपत नाही.

वाडीतली ही गाडी जपायला निघाली होती माझी एक जुनी विद्यार्थिनी. माझ्याकडे चौथीत होती, आता एकोणीस वर्षांची आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करून बोईसरच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून काम करते. तिचं नाव इथे लिहीत नाही. "बाई, गाडी चालू लागली की मग छापा नाव," असं तिनं बजावून ठेवलंय.

गाडी तिच्या आजोबांची. त्यांनी ती १९८१ साली एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. वाडीतले नारळ-चिकू बाजारात न्यायला घेतली, पण तिचं खरं काम रात्रीचं. कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणासाठी अडलं, की लोक आजोबांचं दार ठोठावायचे. २००९ साली क्लच गेला, पाठोपाठ कागदपत्रांची मुदत संपली, आणि गाडी मांडवात शिरली ती शिरलीच.

२०२५ च्या जानेवारीत भंगारवाला दोनदा येऊन गेला. घराचं छप्पर गळत होतं. गाडी विकली तर नव्या पत्र्यांचे पैसे सुटत होते, त्यामुळे मुलीच्या बाबांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी घरात ठरलं की मिरगाच्या आत गाडीचा तळ पक्का झाला तर गाडी राहील, नाहीतर भंगारात जाईल. म्हणजे हातात जेमतेम पाच महिने, तेही फक्त सुट्टीचे दिवस.

मला वाटलं होतं, पोरगी पहिल्याच दिवशी पाना घेऊन भिडेल. तसं काही झालं नाही. तिनं आधी एक दोनशेपानी वही घेतली आणि गाडीचे चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले. मग एकेक भाग सोडवायला सुरुवात केली. जो नट निघाला तो छोट्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी आणि तोच नंबर वहीत. "बाई, खोलायला एक दिवस लागतो, पण जोडायला सहा महिन्यांनी बसलं की कुठला स्क्रू कुठला ते आठवत नाही," ती म्हणाली. गंजलेल्या नटांवर तिनं तेल सोडलं आणि दोन दिवस वाट पाहिली. जोर लावला असता तर नटाचं डोकंच तुटलं असतं.

मग तिनं मला एक गंमत दाखवली. लोहचुंबक फडक्यात गुंडाळला आणि गाडीवरून फिरवला. दारावर तो घट्ट चिकटला. चाकावरच्या भागाशी आला आणि घसरून खाली पडला! का बरं? कारण तिथे पत्रा नव्हताच. पूर्वी कुणीतरी गंजलेल्या भोकात पुट्टी भरून वरून रंग मारला होता. पुट्टीला चुंबक चिकटत नाही. मग तिनं गाडीतलं मॅटिंग उचललं आणि लहान हातोडीनं तळाचा पत्रा ठोकत गेली. चांगला पत्रा 'टण्ण' वाजतो. सडलेला पत्रा 'भद्द' वाजतो. ड्रायव्हरच्या पायाखाली तर हातोडी आरपार गेली आणि खालची माती दिसली.

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो, हे तुम्ही शिकला आहात. पण किनाऱ्यावर गंज जास्त वेगानं का चढतो? समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. मीठ मिसळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजण्याची क्रिया विजेच्या बारीक प्रवाहांवरच चालते. त्यामुळे तारापूरच्या वाडीत सोळा वर्षं उभी असलेली गाडी आतून पोखरली गेली होती.

पद्मिनीची आणखी एक अडचण होती. ट्रकला खाली वेगळी जाड चौकट असते आणि शरीर तिच्यावर बसवलेलं असतं. पद्मिनीला तशी चौकट नाही. तिचं छप्पर, खांब, तळ हे सगळं जोडून मिळूनच तिचा सांगाडा होतो. तळ सडला म्हणजे सांगाडाच सडला. वरून कितीही चकाचक रंग दिला तरी धडक बसली, तर आतल्या माणसाचं काय होईल?

बोईसरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकनं सोपा मार्ग सांगितला. "वरून पातळ पत्रा ठोक, पुट्टी मार. कुणाला कळतंय? आणि इंजिन आजकालच्या गाडीचं टाक." पोरगी म्हणाली, "मला कळतंय ना!" त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

मग सुरू झाल्या तिच्या फेऱ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. पद्मिनी जन्मली तेच कुर्ला, म्हणजे तिचं माहेरच की! तिथून ब्रेकची रबरं आणि क्लच प्लेट मिळाली. पेट्रोलचा रबरी पाइप मात्र तिनं मुद्दाम नव्या प्रकारचा घेतला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तळासाठी १८ गेजचा पत्रा बोईसरलाच कापून मिळाला. डिकीवरच्या नावातलं एक अक्षर पडलं होतं. तारापूर-चिंचणी भागात दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरणारे कारागीर आहेत. पोलादात नखाएवढी नक्षी कोरणाऱ्या माणसाला एक अक्षर म्हणजे काय मोठंसं! त्यांनी ते पितळेत घडवून दिलं.

एप्रिलमध्ये सगळं अडलं. वेल्डिंगचा मिस्त्री वेळ देत नव्हता आणि दिवस सरत होते. पोरगी हिरमुसली. तेव्हा आजोबा तिला पालघरजवळच्या सातपाटीला घेऊन गेले. सातपाटी हे कोळ्यांचं मोठं बंदर. दरवर्षी जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढतात, खराब फळ्या काढतात, फटी बुजवतात, रंग देतात. आजोबा म्हणाले, "हे बघ पोरी, हे लोक होडी एकदाच दुरुस्त करून मोकळे होत नाहीत. दरवर्षी करतात. समुद्रावर जाणाऱ्याला फळी झाकून चालत नाही." परत येताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्त्रींच्या दारात जाऊन उभी राहिली.

मे महिन्यात मिस्त्री आले. पेट्रोलची टाकी तिनं आधीच काढून लांब ठेवली होती, कारण रिकाम्या टाकीतल्या वाफाही पेट घेतात. गाडी लोखंडी स्टँडवर नीट टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नसतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. सगळा तळ एकदम कापला असता तर गाडी मधेच वाकली असती. म्हणून आधी एक बाजू कापायची, नवा पत्रा जोडायचा, दारं नीट लागतात का बघायचं आणि मगच दुसरी बाजू. सीओटू वेल्डिंगचे टाके, त्यावर रेड ऑक्साइड. पहिले टाके मिस्त्रींनी घातले, शेवटचे काही तिनं घातले. तिचे जरा वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गेले, तेव्हा आभाळ भरून आलं होतं. बाबांनी स्वतः तळावर उभं राहून पाहिलं, दोनदा पाय आपटले. मग म्हणाले, "राहू दे." बस, एवढंच! छपरावर यंदा ताडपत्री पडली. पुढच्या वर्षी पत्रे घालायला तिनं पगारातून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. गाडी राहिली ती अशी, फुकट नाही राहिली.

आता गाडी रस्त्यावर कधी येणार? अजून वेळ आहे. आधी ब्रेक, मग इंजिन, असा तिचा क्रम आहे. "न थांबणारी गाडी चालू करून काय उपयोग?" असं ती म्हणते. इंजिन मात्र जाम झालेलं नाही. तिनं प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, आठवडाभर ठेवलं, गाडी गिअरमध्ये टाकून हळूच ढकलली आणि आतले पिस्टन हलले.

कागदाचाही प्रश्न आहे. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते आणि नोंदणी दहा वर्षं चालते. इंजिन बदललं असतं तर हा मार्गच बंद झाला असता! पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्तीसाठीच बाहेर काढता येते. दुसरा मार्ग म्हणजे तपासणी करून साधी नोंदणी पुन्हा करून घ्यायची आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करायचं. पोरीला व्हिंटेज प्लेटचा मोह होता. आजोबांनी विचारलं, "रात्री कुणी दार ठोठावलं तर काय सांगू, गाडी प्रदर्शनाची आहे?" तेव्हा साधी नोंदणी करायचं ठरलं. तपासणीत गाडी उतरली, तरच.

तुमच्याही घरी असं काही पडून असेल. आजीचं शिवणयंत्र, बाबांची सायकल, बंद पडलेलं घड्याळ. मोठ्यांना विचारून एक वस्तू निवडा. विजेची मात्र नको हं! आधी वही घ्या, चित्र काढा, मग एकच स्क्रू सोडवा आणि नंबर लिहून पिशवीत ठेवा. कुठे चुंबक चिकटतो, कुठे घसरतो, तेही बघा. आणि बोईसरकडे कधी गेलात, तर पावसाळ्याआधी सातपाटीच्या किनाऱ्यावर जरूर जाऊन या. होड्यांना रंग देणारी माणसं तुम्हाला न कंटाळता सगळं समजावून सांगतील.