नव्या चाली

माणसाने साठी ओलांडली की त्याने कोणती गाणी ऐकावीत हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते. सकाळी अभंग, संध्याकाळी भावगीते, आणि दिवाळीच्या पहाटे एखाद्या सभागृहात जाऊन पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यांना मान डोलावणे, एवढी त्याची हद्द. ही हद्द जो पाळतो त्याला लोक रसिक म्हणतात. मी ती पाळत नाही. दर शुक्रवारी सकाळी, दूध तापवून झाले की मी नवी गाणी ऐकतो. आणि तीही कुणा नामांकितांची नव्हेत. ज्यांची नावे त्यांच्या गल्लीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसावीत, अशा चार-चार पाच-पाच तरुणांनी गिटारी घेऊन बांधलेली ती गाणी असतात. अशा मंडळींना बँड म्हणतात. आमच्या नागपुरात बँड म्हटले की अजूनही वरातीपुढचा लाल डगलेवालाच डोळ्यांसमोर येतो, तो भाग वेगळा.

शुक्रवारच का, असे कुणी विचारील. त्याला मुहूर्ताचे कारण नाही. पूर्वी नवी ध्वनिमुद्रणे इंग्लंडात सोमवारी निघत, अमेरिकेत मंगळवारी. 2015 च्या जुलैपासून बहुतेक जगाने मिळून शुक्रवार हा एकच वार ठरवला. आपल्याकडे नवा सिनेमा शुक्रवारीच लागत आलेला असल्यामुळे मला तो वार परका वाटला नाही. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्या दिवशी तो एखादे गाणे माझ्या फोनवर पाठवतो आणि खाली एवढेच लिहितो, "काका, हे ऐका. चाल चांगली आहे."

चाल हा शब्द मला फार आवडतो. गाण्याच्या स्वररचनेला आणि पायांच्या चालण्याला मराठीने एकच शब्द दिला, यात मोठी समज आहे. चांगली चाल ती, जी स्वतःच्या पायांनी पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला बोट धरून बरोबर नेते. मी ज्या बँडांविषयी लिहितो आहे त्यांचा सारा भर या चालण्यावर असतो. त्यांच्यात गर्जना नसते की वाद्यांची कसरत नसते. एक गिटार स्वरमेळ छेडत राहते, दुसरी मधल्या रिकाम्या जागांत लहान लहान स्वरावली पेरते. खालून मंद्र सप्तकातली बास गिटार आणि ड्रम ठेका धरतात. वर एक साधा गळा गात असतो, आणि ध्रुपद आले की दुसरा गळा त्याच्याहून थोड्या वरच्या स्वरावरून त्याला मिळतो. हे दोन गळे मिळण्याचा क्षण मला नेहमी, अंगणात एकट्याने बसले असता शेजारी कुणी येऊन बसावे, तसा वाटतो.

आणि साधारण तीन मिनिटांत गाणे संपते. हे माप कुठून आले? जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून अधिक मावत नसे. तबकडी गेली, माप राहिले. आपले भावगीतही याच मापावर बेतलेले. मेहकरचे वकील आणि कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायिली आणि ती तबकडीवरून घरोघर पोचली, तेव्हा तिलाही या तीन मिनिटांतच आपले म्हणणे मांडावे लागले होते. म्हणून ही गिटारवाली गाणी मला भावगीतांची दूरच्या नात्यातली भावंडे वाटतात. चेहरा वेगळा, पण घरची चण तीच.

माझे शेजारी निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. त्यांना हे नाते मान्य नाही.

"काय ऐकून राहिले भाऊ तुम्ही हे?" ते कुंपणावरून विचारतात. "शब्द तरी समजते का?"

"अर्धे समजतात," मी म्हणतो. "काल रात्री तुम्ही तासभर बडा ख्याल लावला होता. त्याचे किती समजले?"

"ते वेगळं आहे ना जी!" असे म्हणून ते हसत आत जातात. ते वेगळे कसे, हे मात्र त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

या गाण्यांची मला आणखी एका कारणासाठी ओढ वाटते. ती कुणी मागवलेली नसतात. त्यांच्यापाठीमागे कंपनी नसते, निर्माता नसतो, नायक-नायिका नसतात. आणि ज्यांच्याजवळ पैसा असतो त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येतो असेही नाही. 1962 साली डेक्का कंपनीने बीटल्सना परत पाठवले. गिटारवाल्यांचे दिवस संपत आले असे तेव्हा आपल्याला सांगण्यात आले, हे त्यांच्या व्यवस्थापकानेच पुढे लिहून ठेवले आहे. मग जगाच्या कानाकोपऱ्यांतल्या पोरांनी ठरवले की विचारायचेच नाही. 1981 साली न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये 'फ्लाइंग नन' नावाची एक चिमुकली संस्था निघाली. तिने 'द क्लीन' या बँडचे एक गाणे काढले, त्याच्या ध्वनिमुद्रणाला शंभर डॉलरही लागले नव्हते, आणि त्या देशाच्या खपाच्या यादीत ते पहिल्या विसांत जाऊन बसले.

इतके दूर जायचे कारण नाही. आपल्या शेजारी गोव्यात, शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट घरच्या घरी मुद्रित केली. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, वाद्येही तेच वाजवणार. कॅसेट तयार झाल्यावर ती स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवायलाही तेच. पुढे 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला ते स्कूटरवरचे रेमो अधिक जवळचे वाटतात. पुण्याच्या 'इझी वाँडरलिंग्ज' या बँडने 2017 साली काढलेला 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा संग्रह पुतण्याने मला धाडला, तेव्हा त्यातल्या मऊ, संथ चाली ऐकताना मला त्या स्कूटरची आठवण झाली. आता स्कूटर लागत नाही, एवढाच काय तो फरक.

अर्थात सगळ्यांचेच असे पोचते होत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस गावच्या 'बिग स्टार' या बँडने 1972 साली आपल्या पहिल्याच संग्रहाचे नाव ठेवले 'पहिल्या क्रमांकाची तबकडी'. वितरणाचा असा काही घोळ झाला की ती बहुतेक दुकानांत पोचलीच नाही. बँड विस्कटला. आणि दहा-वीस वर्षांनी नव्या पोरांनी ती कुठून कुठून हुडकून काढली, तिच्यावरून चाली बांधायला शिकले, आणि सांगू लागले की आमचे गुरू हे. आज ती तबकडी या प्रकारातला आदर्श मानतात. चालीला घाई नसते, माणसांना असते.

आमच्या घरामागच्या गच्चीवरच्या खोलीत असाच एक बँड आहे. चार पोरे. दोन इंजिनिअरिंगची, एक औषधांच्या दुकानात कामाला, चौथा काय करतो ते त्याच्या वडिलांनाही नीट सांगता येत नाही. गेल्या मे महिन्यात त्यांनी आपले पहिले गाणे मुद्रित केले. त्या खोलीत एक कूलर आहे, आणि कूलरचा पंखा अखंड एकाच सुरात घोंघावत असतो. म्हणून प्रत्येक वेळी मुद्रणापुरता ते कूलर बंद करीत. नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली कूलर बंद करणे म्हणजे काय, ते नागपूरकरालाच कळेल. गाणे झाले की लगेच कूलर सुरू, सगळे त्याच्यापुढे. घाम वाळला की पुन्हा बंद. गाणे तीन मिनिटांचे असावे याचे त्या दिवशी मला तबकडीहूनही सबळ कारण सापडले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. माझी पत्नी जाऊन चार वर्षे झाली. तिच्यामागे घरात बरेच दिवस गाणे वाजले नाही. शोक होता, हे तर खरेच. पण त्याहून निराळी अशी एक अडचण होती. जुन्या प्रत्येक गाण्याला मालक असतो. हे गाणे ती पोळ्या लाटताना गुणगुणायची. ते दुसरे आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर लागले होते. तिसरे वडिलांचे, चौथे थोरल्या भावाचे. कोणतेही गाणे लावले की कुणीतरी येऊन दारात उभे राहायचे, आणि कितीही वाट पाहिली तरी आत यायचे नाही. लोक सांगत, जुनी गाणी ऐका, मन रमेल. लोकांची दारे रिकामी असतील.

मग एका शुक्रवारी पुतण्याचे पहिले गाणे आले. ते वाजले, आणि दारात कुणीही उभे राहिले नाही. खिडकीतून ऊन येत होते, दूध निवत होते, आणि चार अनोळखी पोरे माझ्याकडून काहीही न मागता गात होती. किती दिवसांनी मी तीन मिनिटे नुसता ऐकत बसलो! नव्या गाण्याला आठवण नसते, हा त्याचा उणेपणा म्हणून सांगतात. मला तोच त्याचा मोठा उपकार वाटला.

पण तीही स्थिती टिकत नाही. या फेब्रुवारीत अंबाझरीच्या बांधावरून मी फिरत होतो. हातात संत्र्यांची पिशवी, कानात त्या आठवड्याचे गाणे. पाण्यावर धुके होते, आणि एक लहान मुलगी आजोबांना ओढत पुढे चालली होती. आज ते गाणे लागले की ते धुके येते, ती मुलगी येते, संत्र्याचा वास येतो. म्हणजे त्या गाण्यालाही मालक मिळाला, आणि या खेपेस तो मीच. माझी शिल्लक संपली, आता नुसते खर्चच करायचे, असे मी धरून चाललो होतो. तर या वयात माझ्या भूतकाळात अजून भर पडते आहे!

गच्चीवरच्या पोरांचे गाणे श्रावणातल्या एका शुक्रवारी बाहेर आले. किती जणांनी ऐकले तो आकडा आता गाण्याखालीच दिसतो. संध्याकाळपर्यंत तो 41 होता, आणि त्यात मी दोनदा होतो. पोरे हिरमुसली नव्हती. दुसऱ्या गाण्यासाठी कूलर बंद करायच्या बेतात होती.

चार दिवसांनी स्टेशनमास्तर तुळशीला पाणी घालताना काहीतरी गुणगुणत होते. मी कुंपणाशी थांबून ऐकले. गच्चीवरून महिनाभर उतरत आलेले तेच ध्रुपद होते. शब्द मात्र त्यांनी आपल्या पदरचे घातले होते.

"कोणतं गाणं हे?" मी विचारले.

"हे होय?" ते म्हणाले. "जुनंच आहे ना जी काहीतरी."