सेन्सर घेण्याआधी

चि. दत्ता,

गाडी खंबाटकी घाटात ओढत नाही, स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरचा कोड येतो आणि मिस्त्री बाजारातला स्वस्त सेन्सर घालायला सांगतोय, असं वहिनींनी कळवलं. जुन्या ट्रकवर शोरूमच्या भावाचा पार्ट घालताना कुठल्याही मालकाचा हात आखडतो. पण सगळ्या सेन्सरना एकच न्याय लावून चालत नाही, आणि या सेन्सरच्या बाबतीत तर मुळीच नाही.

कॉमन रेल इंजिनात रेलमधल्या डिझेलचा दाब किती आहे, हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फक्त याच सेन्सरकडून कळतं. त्याला पाच व्होल्ट मिळतात. दाब शून्य असताना तो साधारण अर्धा व्होल्ट परत देतो, पूर्ण दाबाला साडेचार. आता एकट्या बॉशच्या सेन्सरांतच 1500, 1800, 2000 बार असे वेगवेगळे प्रकार आहेत. 1500च्या जागी 1800चा लागला, तर अडीच व्होल्टवर ईसीएम 750 बार धरतो आणि रेलमध्ये प्रत्यक्षात असतात 900. प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त जातं, इंजिन ठोकायला लागतं, इंजेक्टरवर ताण येतो. आणि मिस्त्री खातरजमा कशी करतो? चावी देऊन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर शून्य येतंय का ते पाहतो. शून्यावर दोन्ही सेन्सर सारखाच व्होल्टेज देतात, त्यामुळे चुकीचा सेन्सरही या तपासणीत बेलाशक पास होतो. पुढे इंजेक्टर गेले की दोष डिझेलला दिला जातो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकला जाणारा बिननंबरचा सेन्सर इथेच महागात पडतो.

तरी ओरिजिनल म्हटलं की डोळे मिटून घ्यावं, असंही नाही. अमेरिकेत फोर्डच्या पिकअप ट्रकना नेव्हिस्टारने बनवलेलं 7.3 लिटरचं पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिन येत असे. इंजिन इतकं दणकट की तिकडचे लोक ते आजही जपून चालवतात. पण त्याचा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर चालत्या गाडीत मध्येच सिग्नल सोडायचा आणि इंजिन बंद पडायचं. अखेर 2007 साली फोर्डने 1997 ते 2003 या काळातली सुमारे 12 लाख वाहनं परत बोलावून तो सेन्सर बदलून दिला. कारखान्यातून बसून आलेला भागच कच्चा निघाला होता! तिकडचे अनुभवी मालक अजूनही एक जादा सेन्सर आणि 10 एमएमचा पाना गाडीत ठेवतात. मात्र तो जादा सेन्सर घेताना ते स्वस्तातला शोधत नाहीत, सुधारून आलेला ओरिजिनलच घेतात. इंजिन भर रस्त्यात बंद पाडू शकणाऱ्या पार्टमध्ये काटकसर करायची नाही, हे त्यांना पटलेलं आहे.

शोरूम आणि लोकल यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती मिस्त्री सहसा सांगत नाही. ट्रक कंपन्या हे सेन्सर स्वतः बनवत नाहीत, बॉशसारख्या कंपन्यांकडून घेतात. तोच सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यात अधिकृत विक्रेत्याकडे मिळाला, तर तो शोरूमपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. जुना सेन्सर बॉशचा असेल, तर त्यावर दहा आकडी नंबर असतो, बहुतेक 0 281ने सुरू होणारा. तो आकडा न् आकडा जुळला पाहिजे. नुसता आटा आणि कपलर जुळून भागत नाही.

बाकीच्या सेन्सरांचं म्हणशील, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर साधा असतो. तो चांगल्या नावाच्या दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी हरकत नाही. सायलेन्सरकडचा, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर मात्र नाजूक. त्यात तापवली जाणारी सिरॅमिक पट्टी असते आणि ईसीएमशी बोलणारं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं. धुऊन-पुसून नव्या खोक्यात भरलेला जुना सेन्सर कुणी गळ्यात मारू पाहिला, तर सरळ नाही म्हणायचं.

तेव्हा आधी रेल प्रेशर सेन्सरचा कपलर उघडून बघ. पिना काळ्या पडल्यात का, आत तेल किंवा पाणी शिरलंय का, वायर कुठे घासलीय का, हे पाहा. कोड सेन्सरचा आला तरी दोष कित्येकदा वायरिंगचाच असतो. वायरिंग ठीक निघालं, तरच सेन्सर काढ. पैसे देण्याआधी जुन्या आणि नव्या, दोन्ही नंबरांचे फोटो मला पाठव, आणि पक्क्या बिलाशिवाय माल उचलू नकोस.

तुझा,
काका